कार्ड खाचेत, पण फोटो कुठे?

गुरुजी, स्नेहसंमेलनाचे फोटो असलेले कार्ड लॅपटॉपच्या खाचेत सारले आणि लिनक्सच्या पडद्यावर काहीच उमटले नाही, तर लगेच खाचेला दोष देऊ नका. टर्मिनल उघडून एल-एस-बी-एल-के ही पाच लहान इंग्रजी अक्षरे सलग टंका. यादीत कार्डाएवढ्या मापाचे, बहुधा ‘एमएमसी’ने सुरू होणारे, नाव आले की खाच शाबूत समजावी. मग अडते ते कार्डावरच्या मांडणीपाशी. ३२ जीबीहून मोठी कार्डे एक्सफॅट मांडणीची येतात. ती लिनक्सच्या गाभ्याला २०१९ सालच्या ५.४ आवृत्तीपासून वाचता येऊ लागली. प्रणाली त्याआधीची असेल तर नवी घाला. कुणी ‘फॉरमॅट करा’ म्हणेल; हात आवरा हो, फोटो जातील! यादीत नावच नसेल, तर आधी कार्ड काढून, पुसून, पुन्हा नीट बसवून पाहावे.