पर्जन्याची विषमता व वैरणीचा प्रश्न

एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं मुसळधार पाऊस असतां माणदेशांत दुष्काळ कसा, असा प्रश्न मंडळाच्या आश्रयदात्या गृहस्थांकडून वारंवार विचारला जातो. त्याचा खुलासा येथें थोडक्यांत करीत आहों.

पृथ्वीवर पर्जन्याची वांटणी मुळांतच विषम आहे. मेघालयांतील मौसिनराम गांवीं वर्षास सरासरी ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चिली देशांतील अरिका शहरीं तो एक मिलिमीटरही भरत नाहीं. सह्याद्रीनें असाच भेद आपल्या दारीं आणून ठेविला आहे. नैर्ऋत्येचे बाष्पयुक्त वारे डोंगरास अडून वर चढतात, थंड होतात व पश्चिम अंगावर रिते होतात. म्हणून महाबळेश्वरीं सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक, तर माण तालुक्यांत ५०० च्या आसपास पाऊस.

परंतु पाऊस थोडा म्हणजे दुष्काळच, असें नव्हे. लंडन शहरींही वर्षाकांठीं सुमारें ६०० मिलिमीटरच पडतो. पण तो बाराही महिने विभागून, आणि थंड हवेंत ओल टिकते. आपणांकडे तो मुख्यतः चार महिन्यांत येतो, आणि जेथें सरासरी कमी तेथें बहुधा सालोसालची तफावत अधिक. सरासरी हा पावसानें लिहून दिलेला करारनामा नव्हे. पॅसिफिक महासागराचें पाणी मध्य व पूर्व भागीं नेहमींहून अधिक तापलें कीं आपला पाऊस पुष्कळदां ओढ देतो. १८७७ व १९७२ हीं सालें तशींच होतीं.

माणदेशांतील रब्बी ज्वारीची भिस्त उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसावर. तीं कोरडीं गेलीं कीं धान्य बुडतें, व त्याबरोबर कडबाही बुडतो. मग बाजारांत कडब्याचा भाव चढतो, जनावरांचा उतरतो. बैल वा दुभती गाय ज्यानें अशा वेळीं विकली, त्याचा संसार पुढील सालच्या चांगल्या पावसानेंही लवकर सांवरत नाहीं.

१९७२ च्या दुष्काळांत सरकारी कामें निघालीं व १९७७ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीचा कायदा झाला. तो आधार मोठा. पण माणसाच्या हातास काम मिळालें म्हणून दावणीच्या जनावरास वैरण मिळतेच असें नाहीं.

सबब विनंती इतकीच कीं, देणगी पाऊस हुकल्यावर न देतां सुगींत, कडबा स्वस्त असतां द्यावी. व्यापारी गृहस्थांनीं द्रव्य व जमीनधारकांनीं कडब्याच्या पेंढ्या दिल्यास, त्याच रकमेंत अधिक दावणी भरलेल्या राहतील.