पोर्ट-संयोजन, स्थिर
माहितीचा साठा करणाऱ्या संगणक प्रणालीचे दोन किंवा अधिक नेटवर्क पोर्ट (केबल जोडण्याच्या जागा) एकत्र बांधून त्यांचा एकच तार्किक पोर्ट म्हणून उपयोग करण्याची पद्धती. गटातील पोर्ट कोणते, हे साठवण प्रणाली व स्विच या दोन्ही टोकांना व्यवस्थापकाने आधीच नेमून दिलेले असल्यास संयोजन ‘स्थिर’ होय. उपकरणे परस्परांना संदेश पाठवून ते ठरवीत असल्यास ‘गतिशील’ होय. लिनक्स प्रणालीत स्थिर प्रकार प्रामुख्याने ‘बॅलन्स-एक्सओआर’ व नेटॲपच्या प्रणालीत ‘स्टॅटिक मल्टिमोड’ या नावांनी आढळतो.

दोन उपकरणांमध्ये नुसत्याच चार केबली जोडल्या, तर नेटवर्कात वर्तुळ तयार होते व ते टाळण्यासाठी स्विच सामान्यतः तीन मार्ग बंद ठेवतो. संयोजनामुळे चारही मार्ग वापरता येतात आणि एखादी केबल तुटल्यास उरलेल्या मार्गांवरून काम चालू राहते.

इतिहास : कल्पना या अमेरिकन कंपनीने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘ईथरचॅनल’ हे तंत्र विकसित केले. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली. २००० साली आयईईई या संस्थेने ८०२.३एडी हे मानक संमत केले व त्यात एलएसीपी हा गतिशील संयोजनाचा संकेत समाविष्ट होता. २००८ मध्ये हा विषय ८०२.१एएक्स या स्वतंत्र मानकात हलविण्यात आला.

कार्यपद्धती : एकाच संभाषणातील फ्रेमींचा (माहितीच्या तुकड्यांचा) क्रम बिघडू नये म्हणून त्या सर्व एकाच मार्गाने पाठविल्या जातात. मार्ग निवडण्यासाठी दोन्ही टोकांच्या पत्त्यांवर गणिती क्रिया करतात. उदा., साठवण प्रणालीच्या आयपी पत्त्याचा शेवटचा अंक १० व ग्राहक संगणकाचा २१ असल्यास त्यांच्या द्विमान रूपांवर ‘एक्सओआर’ ही क्रिया केली असता ३१ मिळतात. ३१ ला ४ ने भागता बाकी ३ उरते, म्हणून ० ते ३ या मार्गांपैकी क्रमांक ३ चा मार्ग निवडला जातो. ज्याचा अंक २२ आहे त्याला ० क्रमांकाचा मार्ग मिळतो, परंतु २५ असलेल्याला पुन्हा ३ क्रमांकाचाच. साठ्यातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा मार्ग साठवण प्रणाली निवडते, तर आत येणाऱ्या माहितीचा मार्ग स्विच निवडतो.

मर्यादा : प्रत्येकी १ गिगाबिट वेगाचे चार पोर्ट जोडले, तरी एका संभाषणाला सेकंदाला १२५ मेगाबाइटांहून अधिक वेग मिळत नाही. एकूण क्षमता वाढते, ती अनेक ग्राहक असतील तरच. निवड मॅक पत्त्यांवरून होत असेल आणि सर्व ग्राहक एकाच राउटरपलीकडे असतील, तर स्विचला राउटरचाच मॅक पत्ता दिसतो व सारा भार एकाच मार्गावर पडतो. अशा वेळी आयपी पत्ते किंवा त्यांसह पोर्ट-क्रमांक वापरणे इष्ट असते.

स्थिर संयोजनाचा अधिक गंभीर दोष म्हणजे दोन्ही टोकांची परस्परांशी खातरजमा होत नाही. विद्युत् वा प्रकाशीय संकेत मिळत आहे, एवढ्यावरच मार्ग सुस्थितीत असल्याचे मानले जाते. एक केबल चुकीच्या स्विचमध्ये बसली, तरी प्रणाली तीवरून फ्रेमी पाठवीत राहते व त्या हरवतात. चारपैकी एक मार्ग असा निकामी झाल्यास काही ग्राहकांचे काम सुरळीत चालते, तर इतरांना साठा मिळेनासा होतो. दोष शोधणे त्यामुळेच कठीण जाते. एलएसीपीमध्ये दर १ किंवा ३० सेकंदांनी संदेश जातो व अनुक्रमे ३ किंवा ९० सेकंद तो न आल्यास तो मार्ग गटातून वगळला जातो.

वापर : स्विचमध्ये एलएसीपीची सोय नसेल, तेथे स्थिर प्रकार उपयोगी पडतो. गटातील सर्व केबली एकाच स्विचला, किंवा एकच असल्याप्रमाणे वागणाऱ्या स्विच-संचाला जोडाव्या लागतात. अनेक ग्राहकांना फाइली पुरविण्यासाठी संयोजन योग्य ठरते. आयस्कझी या संकेताने डिस्क पुरविताना मात्र प्रत्येक पोर्टला स्वतंत्र पत्ता देऊन बहुमार्गी पद्धती वापरणे सामान्यतः श्रेयस्कर असते. २०१२ मध्ये आलेल्या एसएमबी ३.० या संकेतातही एकाच ग्राहकासाठी अनेक मार्ग एकाच वेळी वापरण्याची सोय आहे. संयोजन कार्यान्वित केल्यावर एकेक केबल काढून, तसेच प्रत्येक मार्गावरून माहिती खरोखर पोहोचते की नाही हे पाहून चाचणी घेणे आवश्यक असते. स्थिर प्रकारात ही तपासणी माणसालाच करावी लागते.