टाइमशेअर कंपनीकडून घ्यायचे की सेकंड हँड? सही करण्याआधी करायचा हिशेब

पेट्रोल पंपावर किंवा मॉलमध्ये एक कुपन भरून घेतले जाते. काही दिवसांनी फोन येतो. तीन दिवसांची मोफत सहल लागली आहे, मात्र पती-पत्नी दोघांनीही हॉटेलात येऊन तासभर माहिती ऐकायची आहे. तासाचे तीन तास होतात आणि शेवटी समोर येतो काही लाख रुपयांचा करार. ‘ही किंमत फक्त आजच्यापुरती’ हेही सांगितले जाते.

स्टील, बियाणे आणि मोसंबीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना जिल्ह्यात अशा विक्रीला ग्राहक मिळणे अवघड नाही. जिल्ह्यात थंड हवेचे ठिकाण नाही, समुद्र तर दूरच. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्याने मुंबई आणि पुढे कोकणाकडे जाणे सोपे झाले आहे. त्यामुळे ‘दरवर्षी सात दिवस, २५ वर्षे’ हे वाक्य मनाला लागते. पण तेच सभासदत्व एखादा जुना सभासद बऱ्याच कमी पैशांत विकत असतो. मग घ्यायचे कुठून? आणि मुळात घ्यायचे का?

टाइमशेअरमध्ये नेमके काय विकत मिळते?

बहुतेक भारतीय करारांत खोली विकत मिळत नाही, मिळतो तो खोली वापरण्याचा हक्क. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव लागत नाही. ठरावीक वर्षांसाठी, दरवर्षी ठरावीक रात्री कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहता येते. मुदत संपली की हक्क संपतो.

भारतात स्टर्लिंग हॉलिडेज १९८६ मध्ये आणि क्लब महिंद्रा चालवणारी महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये सुरू झाली. क्लब महिंद्राचे परिचित सभासदत्व २५ वर्षांचे असून त्यात हंगामांना जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे रंग दिलेले आहेत. जांभळा सर्वांत मागणीचा आणि महाग, निळा सर्वांत स्वस्त.

पॉइंट्सची पद्धत थोडी वेगळी. त्यात रात्रींऐवजी दरवर्षी ठरावीक पॉइंट्स खात्यात जमा होतात. मे महिन्यातल्या महाबळेश्वरच्या खोलीला जास्त पॉइंट्स लागतात, पावसाळ्यातल्या आडबाजूच्या रिसॉर्टला कमी. सोय वाढते, पण एक धोकाही येतो. कोणत्या खोलीला किती पॉइंट्स लागतील हे बदलण्याचा अधिकार कंपनीने करारात स्वतःकडे ठेवला असेल, तर पॉइंट्स तेवढेच राहूनही रात्री कमी होऊ शकतात. ते कलम आधी वाचायला हवे.

सेकंड हँड इतके स्वस्त का?

नव्या सभासदत्वाच्या किमतीत फक्त खोलीचा खर्च नसतो. जाहिरात, हॉटेलातला कार्यक्रम, भेटवस्तू, विक्री प्रतिनिधीचे कमिशन हे सगळे त्यात असते. सही झाली की हा खर्च भूतकाळात जमा होतो. पुढचा खरेदीदार त्यासाठी पैसे देत नाही.

दुसरे कारण म्हणजे उरलेली वर्षे. २५ पैकी १० वर्षे वापरलेले सभासदत्व १५ वर्षांचेच असते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. सभासद सहलीला जावो वा न जावो, वार्षिक देखभाल शुल्क भरावेच लागते. मुले मोठी झाली, आईवडील थकले, धंद्यातून सवड मिळेना, की हे शुल्क ओझे वाटू लागते. अशा वेळी विकणाऱ्याला किमतीपेक्षा सुटका हवी असते.

म्हणून पुनर्विक्रीची किंमत ही त्या सभासदत्वाच्या खऱ्या बाजारभावाची खूण समजावी. आज घेतलेली वस्तू उद्या निम्म्यालाही जाणार नसेल, तर ती गुंतवणूक नव्हे, आगाऊ भरलेला खर्च आहे.

आकड्यांत फरक किती पडतो?

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. नवे सभासदत्व ४ लाख रुपयांचे, मुदत २५ वर्षे, वर्षाला ७ रात्री. वार्षिक शुल्क २० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६०० रुपये.

हेच ४ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले आणि २५ वर्षांत मुद्दलासह संपवायचे ठरवले, तर दरवर्षी सुमारे ३४,३०० रुपये काढता येतात. टाइमशेअर घेणारा हे पैसे सोडून देतो. त्यात शुल्क मिळवले की वर्षाचा खर्च ५७,९०० रुपये होतो. सातही रात्री वापरल्या तर एक रात्र सुमारे ८,२७० रुपयांना पडते. चारच रात्री वापरल्या तर जवळजवळ १४,५०० रुपयांना. जेवण आणि प्रवास वेगळा.

आता तेच सभासदत्व १५ वर्षे शिल्लक असताना १ लाखाला मिळाले आणि हस्तांतरणाला २५ हजार लागले असे धरू. याच पद्धतीने वर्षाचा खर्च सुमारे ३७,३०० रुपये येतो. सात रात्री वापरल्यास एक रात्र ५,३३० रुपयांना, चार वापरल्यास ९,३०० च्या आसपास.

म्हणजे सेकंड हँड स्वस्त आहेच. पण देखभाल शुल्क दोन्हीकडे तेवढेच असल्याचे लक्षात घ्यावे. ते दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले तर साधारण १२ वर्षांत दुप्पट होते. सभासदत्व फुकट मिळाले तरी हा खर्च चुकत नाही. त्यामुळे कोणत्याही करारात पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, तर ‘शुल्क कसे वाढणार, त्याला मर्यादा आहे का’ हा विचारायला हवा.

मग कंपनीकडून घेण्यात फायदा काहीच नाही?

आहे. मुदत पूर्ण मिळते, कागदपत्रे सरळ असतात आणि आधीच्या सभासदाची थकबाकी गळ्यात पडण्याची भीती नसते. शिवाय मन बदलले तर ठरावीक दिवसांत पैसे परत मागण्याची मुदत करारात असू शकते. ती मुदत सही केल्यापासून मोजायची की पैसे भरल्यापासून, हे पाहावे आणि रद्द करायचे असल्यास फोनवर न सांगता लेखी कळवावे. युरोपीय संघात ही मुदत कायद्यानेच १४ दिवसांची असून त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ती १० दिवसांची आहे. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार मिळतो, पण माघारीची मुदत मुख्यतः करारावर अवलंबून राहते.

दुसरा फरक सवलतींचा. सेकंड हँड घेणाऱ्याला सगळे हक्क मिळतातच असे नाही. याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील डिस्ने व्हेकेशन क्लबचे आहे. तिथे १९ जानेवारी २०१९ पासून मूळ १४ रिसॉर्ट्सपैकी एखाद्याचे पॉइंट्स जुन्या सभासदाकडून घेणाऱ्याला ते त्या १४ ठिकाणीच वापरता येतात, त्यानंतर आलेल्या नव्या रिसॉर्ट्समध्ये नाही. कंपनीकडून थेट घेणाऱ्यावर हे बंधन नाही. भारतातही दुसऱ्या कंपनीच्या रिसॉर्टशी अदलाबदल, उरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेणे, हंगाम वाढवून घेणे यांपैकी काय हस्तांतरित होते, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

सेकंड हँड घेताना काय तपासायचे?

हे जुनी मोटारसायकल घेण्यासारखे नाही. विकणारा आणि घेणारा यांच्यात ठरले तरी कंपनीच्या मान्यतेशिवाय नाव बदलत नाही. म्हणून क्रम पाळावा. आधी मूळ करार पाहावा. मग शुल्क थकीत नसल्याचे कंपनीचे पत्र, किती वर्षे व किती रात्री शिल्लक आहेत याचा उतारा आणि हस्तांतरण शुल्काचा आकडा मागावा. सभासदत्व कर्जावर घेतले असेल तर ते फिटल्याचा दाखला हवा. मोठी रक्कम कंपनीने हस्तांतरणाला लेखी मान्यता दिल्यानंतरच द्यावी. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर आपसांत केलेली नोटरी पुरेशी नाही.

विकणाऱ्यांनीही सावध राहावे. ‘तुमच्या सभासदत्वाला ग्राहक तयार आहे, फक्त जीएसटी आणि एनओसीचे पैसे आधी भरा’ असा फोन आला तर तो बहुधा फसवणुकीचा असतो. विक्रीआधीच विकणाऱ्याकडून पैसे मागितले गेले की तिथेच थांबावे. पैसे गेले असतील तर तातडीने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

‘मुदतीनंतर पैसे वाढून मिळतील’ असे सांगितले तर?

तिथे विषय सुट्टीचा राहत नाही. महाराष्ट्राने याची मोठी किंमत मोजली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातल्या रात्रींच्या योजना विकल्या. रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअंती ठरावीक रक्कम मिळेल, असे त्यांचे स्वरूप होते. सेबीने २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि पैसे परत करण्यास सांगितले. रक्कम ७ हजार कोटी रुपयांहून अधिक होती आणि गुंतवणूकदार ५० लाखांहून अधिक. २०१७ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणानेही तो आदेश कायम ठेवला. त्यानंतरही गुंतवणूकदारांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

यातून साधी कसोटी मिळते. खरे टाइमशेअर खोली देते. जे पैसे वाढवून देण्याचे आश्वासन देते, त्याची सेबीकडे नोंदणी आहे का, हे आधी पाहायचे.

तक्रार जालन्यात करता येते का?

करता येते. अनेक करारांत वादाचे ठिकाण मुंबई किंवा चेन्नई लिहिलेले असते आणि ग्राहक तिथेच हार मानतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल होऊ शकते. म्हणजे अंबड, भोकरदन किंवा परतूरच्या ग्राहकाला जालना जिल्हा ग्राहक आयोग पुरतो. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. मुदत वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षे. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही मदत मिळते.

मात्र आयोगासमोर तोंडी आश्वासने सिद्ध करणे कठीण जाते. विक्रीच्या वेळी जे सांगितले, ते ईमेलवर लिहून मागावे. द्यायला नकार मिळाला तर तेही एक उत्तरच आहे.

शेवटी ठरवायचे कसे?

गेल्या पाच वर्षांत कुटुंब खरोखर किती रात्री बाहेर राहिले आणि कोणत्या महिन्यांत, हे कागदावर लिहावे. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याला मे-जूनमध्ये खरिपाच्या बियाण्यांमुळे दुकान सोडता येत नाही, मुलांची सुट्टी मात्र तेव्हाच असते. त्याच्यासाठी महागडा उन्हाळी हंगाम व्यर्थ आहे. मोसंबीच्या बागायतदाराची सवड बहराच्या तोडणीवर ठरते. त्याला वर्षभर आधी तारखा सांगता येत नाहीत, आणि मागणीच्या काळात आयत्या वेळी खोली मिळणे कठीण असते.

दरवर्षी पाच-सात रात्री नक्की वापरल्या जातात आणि तारखा आधी ठरतात, अशा कुटुंबाने कागद तपासून सेकंड हँड सभासदत्वाचा विचार करावा. कंपनीकडून घ्यायचेच असेल तर त्याच प्रकारच्या जुन्या सभासदत्वाचा भाव आधी काढावा आणि जास्तीचे पैसे नेमके कशासाठी देतो आहोत, हे स्वतःला विचारावे. ज्यांची सवड अनिश्चित आहे, त्यांना लागेल तेव्हा साधे हॉटेल घेणेच परवडते. आणि ‘फक्त आजच’ म्हटलेली किंमत उद्या मिळणार नसेल, तर ती सोडून दिलेलीच बरी.