गाडी कुणाच्या नावावर?

आमच्या मागच्या गल्लीत गेल्या वर्षी एक पिकअप गाडी चार महिने नुसती उभी होती. आधी टपावर धूळ बसली, मग खाली कुत्री झोपायला लागली. मोहोळच्या या गल्लीतून रोज पहाटे ती सोलापूरला निघायची. मागे आमच्या बचत गटाच्या कडक भाकरीचे आणि शेंगाचटणीचे डबे, शिवाय कुणाकुणाचा भाजीपाला. गाडीचे मालक, म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान, एका रात्रीत गेले. आणि गाडी जिथली तिथे थांबली.

तेरावं झाल्यावर मी वहिनींना म्हटलं, "ड्रायव्हर ठेवा, पण गाडी चालू ठेवा." तर म्हणाल्या, "ताई, गाडी त्यांच्या नावावर हाय. लोक म्हणत्यात, मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी रस्त्यावर आणली तर पोलीस धरत्यात." दीर म्हणाले, थांबा. भावकी म्हणाली, बघू. बघता बघता विमा संपला आणि मग ड्रायव्हरही यायला तयार होईना.

मैत्रिणींनो, लोक म्हणतात ते अर्धंच खरं होतं. मालक गेल्यावर वारसाने 30 दिवसांच्या आत आरटीओला तसं कळवलं आणि गाडी आपण वापरणार आहोत असं लिहून दिलं, तर तीन महिने ती गाडी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून ती आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. एक साधं पत्र! ते माहीत नव्हतं म्हणून चार महिन्यांची कमाई गेली. मी इतकी वर्षं रेशन कार्ड, निराधार योजना यांचे कागद करत फिरते, पण गाडीचा कागद हा बायकांचा विषय आहे असं मलाही कधी वाटलं नव्हतं. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणून आपण भांडतो. चार-पाच लाखांच्या गाडीचं आरसी बुक मात्र कपाटात कुठे आहे तेही विचारत नाही.

अखेर दंड भरून, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती असं सगळं जमवून गाडी वहिनींच्या नावावर झाली. नवा विमा उतरवला. किल्ली फिरवली, तर मागून निळसर धुराचा लोट!

गॅरेजचे मिस्त्री आले. वहिनी घुंगटाआड उभ्या राहाव्यात तशा दाराआड. मीच त्यांना पुढे ओढलं. म्हटलं, मालकीण तुम्ही, तुम्हीच ऐका. मिस्त्री भला माणूस, त्यांनी नीट समजावलं. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, एअर फिल्टर तरी तुंबलेला किंवा नोझल तरी बिघडलेला. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरत असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. "वहिनी, इंजिनाचं काम काढावं लागंल. पस्तीस हजार धरा." ऑइल वेळेवर बदललं नाही की हे होतं, असंही ते म्हणाले. यजमानांच्या शेवटच्या दोन वर्षांत भाडी कमी होती, ऑइल बदलणं पुढे ढकललं जायचं. ते वहिनींना ठाऊक होतं, पण ऑइलचा आणि इंजिनाचा संबंध कुणी सांगितला नव्हता.

यावर कॉलेजात जाणारी त्यांची लेक म्हणाली, "आई, पस्तीस हजार कशाला घालतीस? बॅटरीवरची घे."

आणि मग आमच्या ओसरीवर हिशेबाची वही उघडली. तो हिशेब तुमच्याही उपयोगाचा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

2005 साली टाटांनी 'एस' आणली, तिलाच आपण 'छोटा हत्ती' म्हणतो. दोन सिलिंडरचं, 702 सीसीचं डिझेल इंजिन. गल्लीबोळांत शिरणारी ती गाडी घेऊन कितीतरी पोरं मालक झाली. 2022 मध्ये तिचाच विजेवरचा अवतार जाहीर झाला आणि 2025 च्या जूनमध्ये 'एस प्रो' आली, पेट्रोलवरची तीन लाख नव्व्याण्णव हजारांपासून, विजेवरची साडेसहा लाखांपासून. क्लच नाही, ऑइल नाही, रिंगा नाहीत, धूर नाही. उतारावर किंवा पाय काढल्यावर मोटरच उलट वीज तयार करून थोडी बॅटरीत भरते, हे तर मला फारच आवडलं.

आता खर्च. मोहोळ–सोलापूर जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. वहिनींची जुनी गाडी लिटरला चौदा जाते, म्हणजे रोज पाच लिटर. नव्वद रुपयांनी साडेचारशे. विजेच्या गाडीला माल भरून तेवढ्या अंतराला बारा युनिट धरली. घरच्याच मीटरवर महिन्याला तीनशे युनिट वाढली की वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणून युनिटला पंधरा रुपये धरले. झाले एकशे ऐंशी. रोज दोनशे सत्तर वाचले, पंचवीस दिवसांचे पावणेसात हजार. लेक टाळ्या वाजवायला लागली.

पण दीड लाख आधी भरून पाच लाखांचं कर्ज घेतलं, तर अकरा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता बसतो जवळजवळ अकरा हजार. म्हणजे चार हजार दरमहा खिशातूनच. शिवाय नवरात्रात वहिनी सोलापूरमार्गे तुळजापूरला चटणीचा स्टॉल लावतात. जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर. कंपनी कागदावर दीडशेच्या वर सांगते, पण ओझं घेऊन, आमच्या उन्हात तेवढं मिळेल असं धरून चालायचं नाही. मध्ये कुठे चार्जिंग होणार ते आधी पाहून ठेवायला हवं. रोजचाच ठरलेला रस्ता, रात्री स्वतःच्या दारात उभी राहणारी गाडी आणि हातात थोडी पुंजी असेल, तर विजेची जरूर घ्यावी असं माझं मत झालं. वहिनींकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती.

त्यांनी रात्रभर विचार केला. सकाळी येऊन म्हणाल्या, "इंजिन करून घेते. दोन वर्षं चालवते आणि दर महिन्याला चार हजार बाजूला टाकते. हप्ता झेपतोय का ते तरी कळंल." माझ्या बी.ए.ला हे सुचलं नव्हतं.

ड्रायव्हरचे पैसे वाचावेत म्हणून त्या आता स्वतः शिकताहेत. त्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्टचा परवाना लागतो असं त्यांना सांगितलं गेलं होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पुन्हा स्पष्ट केलंय, की साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला कारचा, म्हणजे हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. वहिनींची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. रिव्हर्स अजून जमत नाही. परवा शाळेच्या मैदानात त्यांनी गोलपोस्टला मागून हलकेच धडक दिली आणि स्वतःच हसत सुटल्या.

आणखी एक. 2021 पासून आरसीवर नॉमिनी लावायची सोय झाली आहे. वहिनींनी त्या रकान्यात लेकीचं नाव घातलं. दीर जरा घुटमळले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमचं नाव लावायला तुमची गाडी हाय की."