पोटातील अधिशोषके आणि दाह : आशा किती, पुरावा किती?

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातील पालक बालरोगतज्ज्ञाला जे प्रश्न विचारतात, त्यांत २०२५ च्या दिवाळीनंतर एका प्रश्नाची भर पडली. "पोटातलं विष ओढून काढणारं काही औषध असते काय, डॉक्टरसाहेब?" त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, 'कोल्ड्रिफ' नावाच्या खोकल्याच्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. आपला पांढुर्णा जिल्हा आणि शेजारचा बैतूल यांनाही त्याची झळ पोहोचली. कितीतरी मुलांना नागपूरला हलवावे लागले. तामिळनाडूच्या शासकीय तपासणीत त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. असे घडल्यावर आईबाप असा प्रश्न विचारणारच. त्याचे उत्तर 'होय' असे आहे, परंतु त्या होकाराला इतक्या अटी आहेत की त्या सविस्तर सांगितल्याशिवाय तो होकार देऊ नये असे माझे मत आहे.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. शोषण आणि अधिशोषण यांत भेद आहे. टीपकागद शाई शोषतो तेव्हा शाई त्याच्या अंतरंगात शिरते. अधिशोषणात परका रेणू पदार्थाच्या केवळ पृष्ठभागाला चिकटून राहतो. म्हणून जेवढा पृष्ठभाग मोठा, तेवढी पकड मोठी. एक ग्रॅम सक्रिय कोळशातील सूक्ष्म छिद्रांच्या भिंती उलगडून जमिनीवर पसरल्या तर सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाव एकर क्षेत्र व्यापतील. चिमूटभर काळ्या भुकटीत संत्र्याच्या बागेचा एक तुकडा सामावला आहे, असे म्हटले तरी चालेल. १८३१ मध्ये तुएरी नावाच्या फ्रेंच औषधनिर्मात्याने विद्वानांच्या सभेत प्राणघातक मात्रेचे स्ट्रिक्निन कोळशाबरोबर गिळले आणि तो जिवंत राहिला, अशी कथा वैद्यकाच्या इतिहासात सांगतात. आपल्या विद्यार्थ्यांनी ती ऐकावी, अनुकरण मात्र करू नये.

कोळशानंतर आली ती बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर. एकाच प्रकारच्या लहान कड्या जोडून केलेली ही लांबच लांब साखळी. ती पचत नाही, रक्तात जात नाही. आतड्यातून प्रवास करते, वाटेत जे चिकटेल ते घेते आणि मलावाटे बाहेर पडते. पित्ताम्ले पकडणारे कोलेस्टायरामीन हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी ते आले. पण त्याची एक वेगळी करामत आपल्या फवारणीच्या मुलखातील वाचकांना अधिक उद्बोधक वाटेल. १९७० च्या दशकात अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात होपवेल येथे केपोन या कीटकनाशकाच्या कारखान्यातील कामगारांना कंप व अन्य विकार जडले. विष केव्हाच रक्तात आणि मेदात मुरले होते. तरीही तोंडावाटे कोलेस्टायरामीन दिल्यावर ते शरीरातून बाहेर पडण्याचा वेग लक्षणीय वाढला. कारण असे, की यकृत ते विष पित्तातून आतड्यात टाकत होते आणि आतडे ते पुन्हा शोषून घेत होते. अधिशोषकाने हे चक्र तोडले. आतड्यात राहणारा पदार्थ रक्तावर कसा परिणाम करू शकतो, हे यावरून कळते.

आता दाहाकडे वळू. 'दाह' म्हटले की रुग्ण आग होणे समजतात. वैद्यकात त्याचा अर्थ शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने पुकारलेले युद्ध, ज्यात स्वतःच्या पेशीही भाजून निघतात. आतड्यातील असंख्य जिवाणूंच्या कवचात एंडोटॉक्सिन नावाचा घटक असतो. आतड्याचे अस्तर शाबूत असेल तोवर तो बाहेरच राहतो. जंतुसंसर्ग, कुपोषण, मूत्रपिंडाचा जुना विकार यांनी अस्तराच्या पेशींमधील सांधे सैल झाले, की तो यकृताकडे जाणाऱ्या रक्तात झिरपतो आणि अंगभर दाह धुमसत राहतो. मग हा घटक आतड्यातच पकडला तर? कल्पना सुंदर आहे, तर्कशुद्धही आहे.

आपल्या भागात ही कल्पना पोहोचली ती काहीशा अनपेक्षित मार्गाने. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमधून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी एकाने मला पांढऱ्या लापशीसारख्या औषधाची ट्यूब दाखवली. "मॅडम, तिकडे जुलाब, ॲलर्जी, पुरळ, कशासाठीही हेच देतात," तो म्हणाला. ते होते पॉलिमिथाइलसिलोक्झेन पॉलिहायड्रेट, व्यापारी नाव एंटेरोसजेल. सिलिकॉनयुक्त बहुवारिकाचे हे पाणीदार जाळे. सोव्हिएत काळात कीव्ह येथे रक्तशुद्धी आणि आतड्यातील अधिशोषण यांवर पुष्कळ संशोधन झाले, आणि त्या देशांत ही औषधे घराघरांत पोहोचली. पश्चिमेकडील वैद्यक बराच काळ त्यांच्याकडे संशयाने पाहत राहिले. तो संशय अगदीच अनाठायी नव्हता, कारण जुने बहुतेक अभ्यास लहान होते आणि त्यांत तुलनेसाठी निष्क्रिय औषध दिलेले नसे.

तशी तुलना पुढे ब्रिटनमध्ये झाली. अतिसारप्रधान संवेदनशील आतड्याच्या विकाराने त्रस्त ४४० प्रौढांची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. एंटेरोसजेल घेणाऱ्यांपैकी ३७.४ टक्क्यांना, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांपैकी २४.३ टक्क्यांना ठरवलेल्या निकषांनुसार आराम पडला. फायदा खरा आहे आणि मर्यादितही आहे. साधारण आठ जणांना औषध द्यावे तेव्हा एकास त्यामुळे लाभ होतो. प्रयोगशाळेत हे जेल एंडोटॉक्सिन व जिवाणूंची विषे पकडते हेही दिसले आहे. पण काचेच्या नळीतील यश आणि बाळाच्या पोटातील यश यांत मोठे अंतर असते.

हे अंतर किती असू शकते याचा धडा जपानी औषध एएसटी-१२० ने दिला. तोंडावाटे घ्यावयाचे हे गोलाकार कार्बनकण मूत्रपिंडविकारासाठी जपानमध्ये १९९१ पासून वापरात आहेत. दोन हजारांहून अधिक रुग्णांवरील दोन आंतरराष्ट्रीय चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, मूत्रपिंडाचा ऱ्हास त्यांनी थांबवला नाही. क्रोन विकार, म्हणजे आतड्याचा अस्सल दाहविकार, त्यातील भगेंद्रावरही ते वापरून पाहिले. जपानमधील छोट्या चाचणीत आशादायक वाटले, नंतरच्या मोठ्या चाचणीत फोल ठरले. सेव्हेलामर हे फॉस्फेट पकडणारे बहुवारिक डायलिसिसच्या रुग्णांत दाहाचे निदर्शक उतरवते असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. तेवढ्यावरून ते दाहाचे औषध ठरत नाही.

माझा खरा संबंध लहान मुलांशी. पावसाळ्यात आजी नातवाला कडेवर घेऊन येते. "पोराले कालपासून हगवन लागली, पोटात काईच टिकून नाई रायलं." या मुलाला अधिशोषक द्यावे का? डायोस्मेक्टाइट ही चिकणमाती जुलाबाचा काळ सुमारे एका दिवसाने कमी करते असे अभ्यास सांगतात, पण तो पुरावा कच्चा आहे. शिवाय अशा मातीत अल्प शिसे असू शकते म्हणून फ्रान्सच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नये असे सुचवले. मुख्य मुद्दा वेगळाच आहे. जुलाबात मूल दगावते ते शरीरातील पाणी व क्षार गेल्याने, आणि कोणतेही अधिशोषक पाणी परत आणून देत नाही. मळ घट्ट दिसू लागतो, आई निर्धास्त होते, आणि आत बाळ कोरडे पडत जाते. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले. क्षारसंजीवनी, झिंक आणि आईचे दूध यांच्या पंक्तीत बसेल असे बहुवारिक अजून निघालेले नाही.

खेड्यांतील मुलांच्या आतड्यात आणखी एक मूक दाह असतो. अस्वच्छ परिसरात वाढणाऱ्या बाळाच्या आतड्यातील अंकुर खुरटतात, अन्न अंगी लागत नाही, उंची खुंटते. यावर अधिशोषक उपयोगी पडेल असे सिद्ध झालेले नाही. बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथील मोठ्या अभ्यासांत (२०१८-१९) साधे शौचालय, हात धुणे आणि पाण्याचे क्लोरिनीकरण यांनीही मुलांची उंची वाढली नाही, ही माझ्या पिढीच्या डॉक्टरांना चटका लावणारी गोष्ट. याउलट ढाक्यातील सव्वाशेच्या आसपास कुपोषित बालकांवरील २०२१ च्या चाचणीत आतड्यातील उपकारक जिवाणूंना पोसणाऱ्या आहाराने वजनवाढ अधिक चांगली झाली. त्यात होते काय? हरभऱ्याचे व सोयाबीनचे पीठ, भुईमुगाचे दाणे, कच्ची केळी. यांतले काय आपल्या शिवारात किंवा बाजारात मिळत नाही?

विषबाधेत मात्र अधिशोषकाला आजही मान आहे, वेळ पाळली तर. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाणे समजून खाणारी मुले आपल्याकडे दरवर्षी येतात. पहिल्या तासाभरात, मूल पूर्ण शुद्धीवर असताना, रुग्णालयात दिलेला सक्रिय कोळसा काही विषांत उपयोगी पडतो. घरच्या चुलीतला कोळसा नव्हे. रॉकेल पोटात गेले असता तो देऊ नये. उलटी होऊन रॉकेल फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. श्रीलंकेत ४६३२ विषबाधित रुग्णांवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोळशाने सरसकट मृत्यू घटले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. तिथेही बरेच रुग्ण विष घेतल्यानंतर काही तासांनी पोहोचत.

आणि ज्या प्रश्नाने आरंभ झाला त्याचे उत्तर. डायइथिलीन ग्लायकॉलचा रेणू लहान व पाण्यात सहज विरघळणारा. तो आतड्यातून झपाट्याने शोषला जातो आणि कोळशाला वा जेलला जवळजवळ चिकटतच नाही. तेथे उपाय म्हणजे विषारी रूपांतर रोखणारे फोमेपिझोल आणि वेळेवर डायलिसिस. पालकांच्या हाती आहे ते एवढेच : चार वर्षांखालील मुलाला सर्दी-खोकल्याचे मिश्र औषध देऊ नये, आणि औषधानंतर लघवी कमी झाली किंवा थांबली तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. परदेशातील नातेवाइकांनी आणलेले अधिशोषक मुलाला देण्याचे ठरलेच, तर इतर औषधांत व त्यात निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. कोलेस्टायरामीन असेल तर इतर औषध एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर द्यावे. अधिशोषकाला विष आणि औषध यांतला फरक कळत नाही. फेफऱ्यासाठी फेनोबार्बिटोन घेणाऱ्या मुलाला वारंवार कोळसा दिल्यास आधीच रक्तात असलेले औषधही उतरते आणि झटके परत येऊ शकतात. म्हणून ती ट्यूब किंवा पुडी दवाखान्यात घेऊन यावी, आणि मूल आणखी काय काय घेते त्याची चिठ्ठीही सोबत आणावी.