शहर, विकासक आणि पाणी – लेखांक ६ : करार बदलतो तेव्हा

कॅलिफोर्नियातील शहरे मोठ्या नव्या वसाहतींसाठी विकासकाशी जो विकास करार करतात, त्याची मुदत अनेकदा १० ते २० वर्षांची असते. महाराष्ट्रात विकसन करारनामा जमीनमालक आणि बिल्डर यांच्यात होतो. कॅलिफोर्नियात मात्र कराराचा एक पक्ष खुद्द शहर असते. करारावर सही करताना ते पुढील अनेक वर्षे त्या जमिनीवरचे नियम न बदलण्याचे वचन देते आणि बदल्यात रस्ते, जलवाहिन्या, मलवाहिन्या, टाक्या व पंपिंग स्टेशन यांचा मोठा वाटा विकासकाकडून घेते. इतक्या वर्षांत व्याजदर फिरतात, घरांची मागणी घटते, दुष्काळ येतात. जमिनीखालच्या कामांचा खर्च पहिले घर विकले जाण्याआधीच करावा लागतो. त्यामुळे विकासकाची आर्थिक ओढाताण सुरू झाली की करारदुरुस्तीची पहिली मागणी बहुधा पाणी आणि मलनिस्सारणाच्या कलमांबाबत येते.

या कराराचा जन्मच अशा एका खर्चाच्या वादातून झाला. ऑरेंज काउंटीत लगूना निगेल येथे वसाहत उभारणाऱ्या ॲव्हको कंपनीने पावसाळी गटारे, रस्ते आणि इतर सेवावाहिन्यांवर २० लाख डॉलरहून अधिक खर्च केला होता. इमारतींचे बांधकाम परवाने मात्र अजून मिळालेले नव्हते. दरम्यान १९७२ चा किनारा संरक्षण कायदा आला आणि नव्या परवानगीची अट पुढे उभी राहिली. बांधकाम परवान्याशिवाय केवळ पायाभूत कामांवरील खर्चामुळे निहित हक्क, म्हणजे जुन्या नियमांनुसार बांधकाम पूर्ण करण्याचा हक्क, निर्माण होत नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. विकासक हादरले आणि १९७९ मध्ये राज्य विधिमंडळाने विकास कराराचा कायदा केला. रस्ते, मलनिस्सारण, पिण्याचे पाणी, शाळा यांसारख्या सुविधांची उणीव हा नव्या घरबांधणीतील गंभीर अडथळा आहे, असे या कायद्याच्या प्रास्ताविक कलमातच नमूद आहे. विकासकाला स्थैर्य आणि शहराला नळ-गटारे, असा हा सौदा आहे. दुरुस्तीच्या प्रत्येक प्रस्तावाकडे याच दृष्टीने पाहावे लागते: शहराने दिलेले स्थैर्य तसेच ठेवून त्याला मिळायच्या सुविधा पुढे ढकलल्या जात आहेत का?

करारातील पाणी-मलनिस्सारणाच्या कलमांत काही कामे वसाहतीच्या हद्दीतली असतात आणि काही हद्दीबाहेरची. हद्दीतल्या गल्ल्यांमधील वाहिन्यांवरून फारसा वाद होत नाही. वाद होतो तो हद्दीबाहेरच्या कामांवरून, म्हणजे शहराच्या मुख्य मलवाहिनीपर्यंत टाकायची जोडवाहिनी, उताराविरुद्ध सांडपाणी चढवणारे पंपिंग स्टेशन, दाब राखणारी टाकी यांवरून. ही कामे कधी पूर्ण व्हायची हे टप्प्याच्या अटीने ठरते. उदाहरणार्थ, ‘३००व्या घराचा बांधकाम परवाना देण्यापूर्वी जोडवाहिनी पूर्ण झालेली असावी’. करारदुरुस्तीत बदलला जाणारा आकडा पुष्कळदा हाच असतो. ३०० च्या जागी ५५० लिहिले, तर कागदावर एक संख्या बदलते. प्रत्यक्षात मधल्या अडीचशे घरांचे सांडपाणी जुन्या वाहिनीत जाते, आणि ती तुंबली तर मैला जुन्या वस्तीतल्या मॅनहोलमधून वर येतो. म्हणून आकडा बदलण्याआधी जुन्या वाहिनीत खरोखर किती वाव आहे, पावसाळ्यात सांध्यांतून किती पाणी शिरते आणि शुद्धीकरण केंद्राची किती क्षमता आधीच इतरांना देऊ केली आहे, याचा प्रवाहमापनावर आधारलेला अहवाल शहराने मागवला पाहिजे. विकासकाच्या अभियंत्याचा अहवाल पुरेसा मानू नये; शहराने स्वतःच्या संगणकीय प्रारूपावर तो पडताळून घ्यावा.

तरीही प्रत्येक मागणी कपटाची नसते. सगळी कामे आधीच आणि पूर्ण आकाराची करून ठेवण्यातही तोटा आहे. मलवाहिनीत घाण साचू नये म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर लागतो. हजारो घरांसाठी आखलेल्या वाहिनीत सुरुवातीची पन्नास घरे सांडपाणी सोडू लागली, तर तो वेग मिळत नाही. गाळ बसतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, दुर्गंधी सुटते आणि काँक्रीट झिजते. पिण्याच्या पाण्याचेही तसेच आहे. मोठ्या व्यासाच्या नळात पाणी दिवसचे दिवस पडून राहिले की क्लोरीनचा अंश उतरत जातो. मात्र व्यास सरसकट कमी करता येत नाही, कारण आग विझवण्यासाठी लागणारा प्रवाह पहिल्या घरापासूनच हवा असतो. राज्याच्या अग्निसंहितेनुसार स्वयंचलित फवारा यंत्रणा नसलेल्या साधारण आकाराच्या स्वतंत्र घरासाठी तो मिनिटाला १,००० गॅलन, म्हणजे सुमारे ३,८०० लिटर धरला जातो. त्यामुळे एका मोठ्या पंपाऐवजी आधी दोन लहान पंप, किंवा टाकीचे दोन भाग दोन टप्प्यांत, अशी दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या उत्तम ठरू शकते. अट एवढीच की दुसऱ्या भागासाठीची जमीन आणि पैसा पहिल्याच दिवशी बांधून घेतलेला असावा.

दुरुस्तीची कार्यपद्धती मूळ करारासारखीच आहे. कायद्यानुसार करार उभय पक्षांच्या किंवा त्यांच्या हितसंबंधांचे उत्तराधिकारी असलेल्यांच्या संमतीने दुरुस्त किंवा रद्द करता येतो. नियोजन आयोग आणि नगर परिषद या दोघांपुढे जाहीर सुनावणी व्हावी लागते. नोटीस साधारणतः किमान १० दिवस आधी निघते आणि ३०० फुटांच्या आतील मालमत्ताधारकांना टपालाने पाठवली जाते. ज्यांच्या सेवेवर ताण पडेल अशा पाणी, मलनिस्सारण व शाळा संस्थांनाही ती पाठवणे बंधनकारक आहे. दुरुस्ती शहराच्या सर्वसाधारण आराखड्याशी सुसंगत असावी लागते आणि ती उपविधीने मंजूर होते. उपविधी असल्यामुळे ती सार्वमताच्या कक्षेत येते: ३० दिवसांत शहरातील १० टक्के नोंदणीकृत मतदारांनी अर्जावर सह्या केल्या, तर परिषदेला दुरुस्ती मागे घ्यावी लागते किंवा मतदानाला टाकावी लागते. करार झाल्यावर १० दिवसांच्या आत त्याची प्रत काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदवली जाते, म्हणजे जमीन पुढे कोणी घेतली तरी बोजा जमिनीसोबत जातो. दुरुस्तीही तशीच नोंदवून घ्यावी लागते. नाहीतर नवा खरेदीदार जुन्या अटी दाखवत शहराच्या दारात उभा राहतो.

सह्या कोणाच्या, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. वसाहतीचे तुकडे वेगवेगळ्या बांधकाम कंपन्यांना विकलेले असतात. एका तुकड्याच्या मालकाने टाकीचे काम पुढे ढकलून घेतले, तर शेजारच्या तुकड्याचे परवाने अडकू शकतात. म्हणून चांगल्या करारात कोणत्या दुरुस्तीला कोणाची संमती लागेल हे आधीच लिहिलेले असते, आणि घर विकत घेणाऱ्या शेवटच्या ग्राहकाला कराराच्या जबाबदाऱ्यांतून मुक्त केलेले असते. दुसरी गाठ अशी की कॅलिफोर्नियात पाणी आणि मलनिस्सारण अनेक ठिकाणी शहराच्या हाती नसतेच, स्वतंत्र जिल्हा संस्थांकडे असते. त्या संस्था करारात पक्ष नसतील, तर शहर आणि विकासक यांनी केलेली कोणतीही दुरुस्ती त्यांना बांधत नाही. जिल्हा संस्थेचे सेवा देण्याचे पत्र किती घरांसाठी आणि किती काळापर्यंत वैध आहे हे न पाहता केलेली दुरुस्ती पोकळ राहते.

पाणी प्रत्यक्षात आहे का, हा प्रश्न २००१ नंतर कायद्यानेच पुढे आणला. ५०० पेक्षा अधिक घरांच्या वसाहतीच्या नकाशाला मंजुरी देताना सामान्य वर्ष, एक कोरडे वर्ष आणि सलग कोरडी वर्षे या तिन्ही परिस्थितींत २० वर्षांच्या अंदाजात पुरेसे पाणी असल्याची खात्री द्यावी लागते. वसाहतीची विभागणी समाविष्ट असलेल्या विकास करारातही ही अट पाळण्याचे कलम सक्तीचे आहे. घरांची संख्या किंवा पाण्याचा स्रोत बदलणारी दुरुस्ती आली की हा हिशेब पुन्हा उघडतो. सॅक्रामेंटोजवळच्या रँचो कॉर्डोव्हा शहरात २२,००० हून अधिक घरांच्या सनराइज डग्लस योजनेवर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिलेला निकाल याबाबत मार्गदर्शक आहे. सुरुवातीच्या काळाचे पाणी विहिरींच्या एका क्षेत्रातून यायचे होते आणि तेवढा भाग न्यायालयाला पटला. दूरच्या काळातील पाणी कोठून येणार, आणि भूजल उपशाचा कोसुम्नेस नदीतील सॅमन माशांवर काय परिणाम होणार, याचे पर्यावरण अहवालातील विवेचन मात्र अपुरे ठरले. केवळ कागदावरचे पाणी चालत नाही, हा धडा दुरुस्तीलाही लागू आहे: मूळ अहवालानंतर योजनेत किंवा परिस्थितीत मोठा बदल झाला असेल, तर पूरक पर्यावरण अहवाल लागतो.

पैशाचे कलम सर्वांत बारकाईने वाचण्यासारखे असते. शहर पुष्कळदा विकासकाला त्याच्या गरजेपेक्षा मोठ्या व्यासाची वाहिनी टाकायला लावते, म्हणजे पुढच्या वसाहतींनाही ती वापरता येईल. जादा आकाराचा खर्च त्याला परत मिळण्याची तरतूद कॅलिफोर्नियाच्या विभागणी कायद्यात आहे. वॉशिंग्टन राज्यात तर उशिरा जोडणी घेणाऱ्याकडून हा वाटा वसूल करून आधीच्याला देण्याची जुनी पद्धत आहे. घरांची संख्या कमी करणारी दुरुस्ती झाली तरी वाहिनीचा खर्च तेवढाच राहतो, मग प्रत्येक घरामागचा भार वाढतो आणि परताव्याचे गणित नव्याने मांडावे लागते. आणखी एक बदल नेहमी दिसतो. विकासकाने स्वतः करायचे काम १९८२ च्या मेलो-रूस कायद्याखालील विशेष कर क्षेत्रातून, रोखे काढून केले जाते. १२ पेक्षा कमी मतदार राहत असलेल्या जमिनीवर मतदान जमीनमालकच करतात. म्हणजे कर मंजूर करतो विकासक आणि तो वर्षानुवर्षे भरतात नंतर आलेले रहिवासी. ही रचना कायदेशीर आहे आणि तिने अनेक सुविधा वेळेवर उभ्या केल्या आहेत. पण मूळ करारात विकासकाने पत्करलेला खर्च दुरुस्तीने असा खरेदीदारांवर सरकवायचा असेल, तर सुनावणीत ते स्पष्ट शब्दांत सांगितले जाणे हा नागरिकांचा हक्क आहे.

शहरालाही दुरुस्तीच्या निमित्ताने मनमानी करता येत नाही. परवान्याच्या बदल्यात मागितलेली जमीन प्रकल्पाच्या परिणामांशी संबंधित आणि प्रमाणात असावी, हे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या नोलन आणि १९९४ च्या डोलन खटल्यांत ठरवले. करार स्वेच्छेचा असल्याने त्यात शहराला अधिक मागता येते, पण विकासकाने नाही म्हटले तर मूळ करारच लागू राहतो. एकतर्फी बदलाच्या वाटा मोजक्या आहेत. दर १२ महिन्यांनी किमान एकदा आढावा घ्यावा लागतो आणि त्यात विकासक प्रामाणिकपणे अटी पाळत नसल्याचे सबळ पुराव्याने दिसले, तर शहर करार बदलू किंवा संपवू शकते. तसेच नंतर आलेल्या राज्य किंवा संघीय कायद्याशी, उदाहरणार्थ सांडपाण्याच्या नव्या निकषांशी, विसंगत तरतुदी आवश्यक तेवढ्या बदलतात किंवा स्थगित होतात.

करारच नसेल तर काय होते, हे ॲरिझोनात दिसले. स्कॉट्सडेलच्या हद्दीबाहेरील रिओ व्हर्डे फूटहिल्स येथे जमिनीचे पाच किंवा त्याहून कमी तुकडे करत घरे बांधली गेली, म्हणजे १०० वर्षांच्या खात्रीशीर पाण्याची अट लागूच होऊ नये. शेकडो घरे शहरातून भरून आणलेल्या टँकरवर अवलंबून राहिली. १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलने हद्दीबाहेर जाणारे हे पाणी थांबवले.

दुरुस्ती नोंदवली गेली तरी काम तिथे थांबत नाही. प्रत्येक टप्प्याच्या नकाशासोबत झालेला सुधारणा कामांचा स्वतंत्र करार आणि त्याची हमीही नव्या अटींशी जुळवावी लागते. काम पूर्ण करण्याची हमी अंदाजित खर्चाच्या ५० ते १०० टक्के असते आणि मजूर व पुरवठादारांच्या देण्यांसाठी वेगळी हमी असते. टप्पा पुढे गेला आणि हमीची रक्कम जुन्याच दरांवर राहिली, तर विकासक बुडाल्यास अर्धवट खोदलेली मलवाहिनी पूर्ण करायला शहराच्या हाती पुरेसा पैसा नसतो. म्हणून हमीची फेरआकारणी दुरुस्तीच्याच मजकुरात लिहून घेतात. वाहिन्यांची दाबचाचणी, मलवाहिनीची कॅमेरा तपासणी आणि प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे मिळाल्यावरच शहर त्या ताब्यात घेते. त्यानंतर एक वर्षाच्या दोषदुरुस्तीची हमी विकासकाकडे राहते आणि ती संपल्यावर देखभालीची पूर्ण जबाबदारी शहरावर किंवा संबंधित जिल्हा संस्थेवर येते.