मुळाशी लाल

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज बेटं आहेत. त्यांच्या समुद्राकडच्या कडेला शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू साठून कुरणं तयार झाली आहेत. तिकडे त्यांना ‘मॅखर’ म्हणतात. ऐन उन्हाळ्यात या कुरणांवर लेडीज बेडस्ट्रॉ फुलते. फूल जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं आणि चार पाकळ्यांचं, पण घोसच्या घोस येतात. देठाभोवती सुईसारखी बारीक पानं चक्राकार बसलेली. ओल्या फुलांना मधासारखा वास असतो. झाड सुकलं की त्यातल्या कुमारिनमुळे नव्या वाळल्या गवताचा गोड दरवळ सुटतो. म्हणूनच युरोपात पूर्वी गाद्यांमध्ये ते भरत.

मला मात्र ही वनस्पती मोलाची वाटते ती मुळांसाठी. वरून पिवळीजर्द, जमिनीखाली लाल. आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली ही. मुळं सुतळीहून बारीक, त्यामुळे थोड्याशा रंगासाठीही ढीगभर उपटावी लागतात. जॉन लाइटफूट या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1777 मध्ये स्कॉटलंडच्या हायलँड भागातल्या लोकांची रीत लिहून ठेवली आहे. आधी मुळांची साल सोलायची, कारण खरा रंग सालीत. मग सोललेली मुळं उकळून त्यांतला उरलासुरला रंग पाण्यात उतरवायचा, ती काढून टाकायची आणि त्याच पाण्यात साल, सूत आणि तुरटी एकत्र उकळायची. तुरटीशिवाय रंग धाग्याला धरत नाही. इतक्या हलक्या मुळातला रंगाचा कणही वाया जाऊ न देणारी ही रीत वाचताना त्या रंगाऱ्यांविषयी आदर दाटून येतो.

पण हीच मुळं वाळू धरून ठेवतात. ती खणली की माती मोकळी होते आणि अटलांटिकचा वारा कुरणच उडवून नेतो. त्यामुळे काही ठिकाणी ती उपटायला मनाई होती, आणि ती योग्यच होती. उत्तर अमेरिकेत नेमकं उलट. तिथे ही वनस्पती बाहेरून आलेली, जमिनीखालून पसरत चाऱ्याच्या शेतात घुसणारी. शेतकऱ्यांच्या लेखी निव्वळ तण.

1868 मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी अशा मुळांतलं लाल रंगद्रव्य, अलिझारिन, प्रयोगशाळेत बनवलं आणि मुळांपासूनच्या लाल रंगाचा बाजार बसला. आता हौशी रंगारी ही वनस्पती वाफ्यात लावतात. रंगण्याजोगी मुळं हाती यायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, पण वाळूवरच्या कुरणांना हात लावायची गरज उरत नाही.